वाढत्या अंगाची बंदूक

ऊद मेथा, दुबई
१४ ऑक्टोबर २००३

प्रिय ओवी,

पुण्याला येणाऱ्या कुशलच्या हातून हे पाकीट मिळालं की घाबरू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत, निखिलचं नाक नेहमीसारखं वाहतंय आणि माझं पोट नेहमीसारखं माझ्या पुढे चालतंय. पत्र लिहितोय ते एवढ्यासाठी की घरचा फोन हॉलमध्ये आईच्या हाताशी असतो, ऑफिसचा फोन भारतात लागत नाही, घरची ई-मेल आईच उघडते आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत नाही. आईची ही गोष्ट इंग्रजीत लिहिण्याचं पाप माझ्या हातून होणार नाही. तेव्हा लंच अवरमध्ये केबिनचं दार लावून, डबा बाजूला सारून बसलोय. बाहेर सगळ्यांना वाटतंय, साहेब क्वार्टरचे आकडे जुळवतायत.

बातमी अशी की आपली टीम फायनलला गेली आहे. कसली टीम, असं तू विचारशील. एअरसॉफ्टची. दिसायला हुबेहूब खऱ्या रायफली, पण त्यातून सुटतात ते हरभऱ्याएवढे पांढरे प्लास्टिकचे छर्रे. सहा जण इकडे, सहा जण तिकडे, मध्ये प्लायवूडच्या भिंती, टायरच्या चळती आणि पत्र्याची पिंपं. छर्रा लागला की आपणच हात वर करायचा, ‘हिट’ म्हणायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. लागला की नाही हे सांगायला पंच नसतो, ज्याची त्याची नियत. शारजाच्या पुढे उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात नूरुद्दीनभाई म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी जुन्या गोडाऊनचा हा खेळाचा हॉल केलाय. आणि तिथे आपल्याला फायनलपर्यंत नेलं ते तुझ्या आईनं. फुगा फुटला तरी कानांवर हात ठेवणाऱ्या मृणालिनीबाईंनी. फायनल चोवीस तारखेला, शुक्रवारी आहे, आणि आई ती खेळणार की नाही हे अजून ठरायचंय. माझा सगळा जीव सध्या त्यात अडकलाय.

तुला यातलं काहीच माहीत नाही याचं कारण म्हणजे आईची सक्त ताकीद. ओवीला सांगायचं नाही, ती हसेल, असं तिनं मला आणि निखिलला बजावलंय. फोनवर तू विचारतेस काय चाललंय, ती म्हणते काही नाही गं, तू जेवलीस का. आज मी ताकीद मोडतोय.

ऑगस्टमध्ये तुला पुण्यात सोडून आई परत आली, तेव्हापासून सांगतो. ती आली, पण अर्धीच आली. तुझ्या खोलीचा ए.सी. तिनं दिवसरात्र चालू ठेवला. बंद खोलीत कशाला, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, गाद्यांना दमट वास लागतो. मंडळाच्या गणपतीला दरवर्षी मोदकांची सगळी आघाडी तिच्याकडे असते, यंदा विचारायला आलेल्या बायकांना तिनं ‘बघू’ म्हणून वाटेला लावलं. इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करायची. बोलणं कामापुरतं. मला फार काळजी वाटत होती गं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं. त्यात निखिलची सुट्टी. दिवसभर सोफ्यावर लोळून ‘आय ॲम बोअर्ड’ एवढंच वाक्य तो वेगवेगळ्या चालींत म्हणायचा.

तेव्हा माझ्या ऑफिसातल्या अनिलकाकानं हे खूळ आणलं. त्यानं टीम काढली, नाव ठेवलं ‘ऊद मेथा इलेव्हन’. माणसं सहाच आहेत, पण नाव छापून आल्यामुळे बदलता येत नाही. मी आणि निखिल त्यात घुसलो, आणि एका शुक्रवारी निखिलची पहिली बंदूक घ्यायला आम्ही तिघं उम्म अल कुवैनला गेलो. आई येत नव्हती, मी ओढून नेलं.

हॉलच्या तोंडाशीच नूरुद्दीनभाईंचं काउंटर आहे. त्यांनी मांडून दाखवलं, ही हाताने दर वेळी खटका ओढायची, ही गॅसवरची, ही बॅटरीवरची. नवशिक्यानं काय घ्यावं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मी त्यांना थांबवलं, कारण मला सगळं माहीत होतं. आपल्या घराण्यात वस्तू घ्यायची एकच पद्धत आहे, वाढत्या अंगाची घ्यायची. तुझा पहिलीचा युनिफॉर्म आठव, तो तिसरीत बरोबर बसला. निखिलचे बूट, तुझी सायकल, माझ्या लग्नातला कोट, सगळं एक माप मोठं. त्या हिशेबानं मी भिंतीवरची सगळ्यात लांब, सगळ्यात जड, खटका ओढायची बंदूक उतरवायला सांगितली. वर दुर्बीण होती. लांबवर मारते म्हणाले. दिरहमचे रुपये करून पाहिले आणि तरीही घेतली, म्हणजे बघ. नूरुद्दीनभाई एवढंच म्हणाले की भाईसाब, कपडा दुमडून शिवता येतो, बंदूक येत नाही. मी हसून घेतलं. निखिल बंदूक खांद्याला लावून उभा राहिला तेव्हा त्याचा हात खटक्यापर्यंत जेमतेम पोचत होता. मी म्हटलं, वाढशील. त्यानं विचारलं, “बाय नेक्स्ट फ्रायडे?”

पुढच्या शुक्रवारपर्यंत तो वाढला नाही. हॉलमध्ये दाराएवढ्या फटींतून शिरायचं असतं. निखिल यायच्या आधी त्याच्या बंदुकीचं टोक यायचं, समोरचे आरामात वाट बघत बसायचे आणि तो दिसला की टिपायचे. दुर्बिणीतून त्याला चार हातांवरच्या माणसाच्या शर्टाचं फक्त एक बटण दिसायचं. दोन शुक्रवार त्यानं सोसलं, मग ती बंदूक अनिलकाकाला देऊन टाकली. अनिलकाका सहा फुटी असल्यामुळे ती त्याला अंगासरशी बसली, आणि निखिल भाड्याची बंदूक घेऊन खेळू लागला. माझं म्हणशील तर मी कुठलीही बंदूक घेतली तरी पहिल्या मिनिटात हात वर करून बाहेर येतो. एवढं मोठं लक्ष्य समोरच्यांना दुसरं मिळत नाही.

या सगळ्या वेळी आई जाळीमागच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसायची आणि मासिक वाचायची. म्हणजे मला तसं वाटायचं. एका शुक्रवारी आमच्यातल्या एकाची पाठ धरली. पाचच उरलो. सहा नसतील तर मॅच सोडून द्यावी लागते. अनिलकाका नूरुद्दीनभाईंशी हुज्जत घालत होता, मी हताश होऊन पाणी पीत होतो, आणि मागून आवाज आला, “मी येऊ का?” निखिल पांढराफटक पडला. आई प्लीज, लोक बघतायत, असं तो इंग्रजीत पुटपुटत राहिला. आईनं मासिक खाली ठेवलं, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि भाड्याची बंदूक उचलली. ती कुठे धरायची हे तिला कुणी सांगावं लागलं नाही, कारण मासिकाआडून ती चार आठवडे आमच्या चुकाच बघत होती.

ती मॅच आम्ही हरलो, पण आपल्या बाजूनं शेवटपर्यंत टिकली ती आई. ती पळत नव्हती. बाकी सगळे आरडाओरडा करत इकडून तिकडे धावत असतात, ही एका पिंपामागे उकिडवी बसली आणि हललीच नाही. समोरचे तिला विसरून गेले. दोघांना तिनं तिथूनच टिपलं. शेवटी छर्रा तिच्या चपलेच्या टोकाला लागला, कुणालाही दिसला नव्हता, हिनं आपणहून हात वर केला आणि बाहेर आली. चेहरा लाल, केस विस्कटलेले. परत येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आपण नेहमी अडकतो तिथे अडकलो, आणि आई बोलत होती. ऊद मेथा येईपर्यंत बोलत होती. अनिलभावजी उगाच ओरडून जागा सांगतात, निखिलनं डावीकडून यायला हवं होतं, तुम्ही तर आत जाऊच नका. मी स्टिअरिंग धरून नुसता हं हं करत होतो. मला त्या ट्रॅफिकमधून बाहेर पडायचंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी ती म्हणाली, मला माझी घ्यायचीय. यावर घरात आठवडाभर परिषद भरली. अनिलकाकाचं मत, सगळं धातूचं घ्या, वजन असेल तर दरारा असतो. निखिलनं कॉम्प्युटरवरून चित्रं काढून आणली, त्यातल्या प्रत्येक बंदुकीला चार चार जोडण्या होत्या. मी म्हटलं, जिची रेंज जास्त ती घे, पुढेमागे उपयोगी पडेल. आईनं सगळ्यांचं ऐकलं, सगळ्यांना पोहे दिले आणि काउंटरवर गेल्यावर आधी गॉगल मागितला.

बंदूक नाही, गॉगल. आपण सगळे बंदुकीवर उधळतो आणि गॉगल म्हणून हॉलमधले फुकटचे, ओरखडे पडलेले घालतो. आईनं नूरुद्दीनभाईंकडचे होते नव्हते ते सगळे गॉगल काढायला लावले. प्रत्येक घालून ती त्यात तोंडानं हाऽऽ करून वाफ सोडत होती आणि काच किती वेळात निवळते ते बघत होती. शेवटी दुहेरी काचेचा, वरून हवा खेळणारा एक निवडला. बंदुकीसाठी काढलेल्यातले निम्मे पैसे त्यात गेले. मी कण्हलो. ती म्हणाली, दिसलंच नाही तर मारू कुणाला?

मग बंदुका. तिनं बाजारात लाटणं घेताना तू तिला पाहिलंयस. दुकानातली सगळी लाटणी ती हातात फिरवते आणि एक बाजूला काढते. इथेही तेच चाललं. एक एक बंदूक उचलायची, डोळे मिटायचे, खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. उघडल्यावर नेम सरळ समोर असेल तर ठीक, मान वाकडी करावी लागली तर बंदूक परत. धातूवाली गेली. निखिलची चार जोडण्यांवाली गेली. शेवटी तिच्या हातात राहिली ती बॅटरीवरची, आखूड, काळ्या प्लास्टिकची साधी बंदूक. काउंटरच्या पार खालच्या फळीवर होती, बहुधा कुणी मागत नसल्यामुळे. मी विचारलं, हिची रेंज किती. तिनं मला उलट विचारलं, हॉल केवढा आहे? मी मागे वळून हॉलकडे बघितलं. आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगहून मोठा नव्हता. राहिलेल्या पैशांत तिनं एक जास्तीची बॅटरी घेतली आणि दुकान आटपलं.

सप्टेंबरात नूरुद्दीनभाईंनी आठ टीमची, आधी साखळी आणि मग सेमीफायनल अशी स्पर्धा लावली आणि रमजान सुरू व्हायच्या आत संपवायची म्हणून फायनलचा शुक्रवार आधीच पक्का करून टाकला. बाळा, या स्पर्धेत तुझ्या आईनं काय केलंय ते मी तुला कसं सांगू? पहिल्या मॅचला समोरच्या मुलांनी आंटी म्हणून हसत हसत हात मिळवले. दुसऱ्या मॅचला हसले नाहीत. तिसऱ्या मॅचपासून आत जायच्या आधी ते विचारायला लागले, आंटी किधर से आएगी? निखिल, ज्याला ‘एम्बॅरसिंग’ वाटत होतं, तो आता शाळेत छाती काढून सांगतो आणि आईच्या बॅटऱ्या रात्री स्वतः चार्जिंगला लावतो. घरातला ए.सी. म्हणशील तर तुझ्या खोलीतला बंद झालाय. कधी झाला ते मला कळलंही नाही. मोदकही झाले, उशिरानं का होईना, अनंत चतुर्दशीच्या दिवशी एकदम शंभराच्या वर.

आता दसऱ्याकडे येतो. बंदूक घरी न्यायची नाही, हॉलवरच कुलपात ठेवायची, असा नूरुद्दीनभाईंचा कडक नियम आहे. त्यामुळे खंडेनवमीच्या पूजेला शस्त्र कुठलं मांडायचं हा प्रश्न पडला. दरवर्षी आपण माझं पेन, निखिलचा कॅल्क्युलेटर आणि आईची शिलाईची कात्री मांडतो. यंदा पाटावर मधोमध आईचा गॉगल होता. हळदकुंकू काचेला लागू नये म्हणून मी पट्ट्याला लावलं आणि झेंडूचं फूल वर ठेवलं. आई देवासमोर असताना हसली, मोठ्यानं. तिला असं हसताना मी फार दिवसांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याच्या जेवणाच्या वेळी, तुझा फोन आला. तू म्हणालीस की दिवाळीला होस्टेल रिकामं होईल, मैत्रिणी आपापल्या घरी जातील, मावशीकडे परक्यासारखं वाटतं, आई तू येशील का. त्यात तुझं काही चुकलं नाही. पहिलीच दिवाळी घराबाहेर, आई हवीशी वाटणारच. आईनं क्षणाचाही विचार केला नाही. हो म्हणाली. फोन ठेवून पानावर येऊन बसली आणि मला म्हणाली, बावीसचं तिकीट बघा, ओवी एकटी आहे. मी कॅलेंडरकडे बघितलं. चोवीस तारखेला फायनल, आणि दिवाळीही तेव्हाच. निखिल काहीतरी बोलायला गेला, तिनं त्याच्या पानात वरण वाढलं आणि विषय संपला.

खरं सांगू, मी तेव्हा फारसा हललो नाही. म्हटलं, अजून सेमीफायनल व्हायची आहे, शारजाच्या पोरांशी आहे, आपण हरू, प्रश्नच मिटेल. शारजाची टीम म्हणजे प्रकरण आहे. एकसारखे कपडे, पायात लष्करी बूट, आणि जहूर नावाचा त्यांचा कप्तान, पंचविशीतला, ज्याच्या बंदुकीच्या किमतीत आपली सगळी टीम पुण्याला जाऊन येईल. मागच्या वर्षीची ट्रॉफी त्यांच्याकडे होती.

तर गेल्या शुक्रवारी हॉलमध्ये एवढी दमट हवा होती की भिंतींना घाम फुटला होता. नूरुद्दीनभाईंनी दया येऊन मोठे पाण्याचे कूलर सोडले, त्यानं आणखी वाफ झाली. मी नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच बाहेर आलो आणि जाळीला नाक लावून उभा राहिलो. अनिलकाका लांब बंदुकीनं दोघांना उडवून बाद झाला. निखिलनं, आपल्या निखिलनं, डावीकडून जाऊन आणखी दोघांना टिपलं आणि मग तोही आला. आमचे बाकीचे त्याआधीच पडले होते. शेवटी तिकडे जहूर आणि त्याचा एक साथीदार, इकडे एकटी आई.

आई पिंपामागे उकिडवी होती. साथीदारानं डोकं वर काढलं आणि ते तिथेच संपलं, एका छर्ऱ्यात. त्याचा हात वर गेला. उरला जहूर. त्यानं आईच्या पिंपावर छर्ऱ्यांचा असा मारा केला की पत्रा ताशासारखा वाजत होता. आई हलेना. मारा थांबला. आणि मग मला दिसलं की जहूर गॉगलवरून बाहेरून हात फिरवतोय. पुन्हा फिरवतोय. वाफ आतून धरली होती, बाहेरून पुसून काय होणार? आणि हॉलमध्ये गॉगल वर केला की माणूस बाद, हा नूरुद्दीनभाईंचा दुसरा कडक नियम. एवढी महागडी बंदूक हातात, आणि बिचाऱ्याला स्वतःचं बोट दिसत नव्हतं. आईला मात्र लख्ख दिसत होतं. ती उठली. पळाली नाही, लपली नाही. भाजी आणायला निघाल्यासारखी चालत त्याच्यापर्यंत गेली. एवढ्या जवळून मारायचं नसतं, लागतं, तेव्हा नुसतं सांगायचं अशी रीत आहे. तिनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “बेटा, खलास.”

त्या पोरानं बंदूक खाली घेतली, हात वर केला आणि खाली वाकून आईला नमस्कार केला. मग जो गोंधळ झाला त्याचं मी वर्णन करत नाही. अनिलकाका रडला एवढं सांगतो, आणि मीही. नूरुद्दीनभाईंनी सगळ्यांना इथला दुधाळ करक चहा पाजला आणि आईचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

परत येताना निखिलनं विचारलं, इतका वेळ तू उकिडवी कशी बसतेस, पाय दुखत नाहीत? आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, खो-खोच्या पाटीवर बसायची सवय आहे. ओवी, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. ती कॉलेजच्या टीममध्ये होती. विद्यापीठाच्या फायनलला पोचली होती. निखिलनं विचारलं, मग जिंकलात? ती म्हणाली, मी गेले नव्हते, त्याच दिवशी तुझ्या मावशीचं केळवण होतं, घरात काम होतं, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. अगदी सहज म्हणाली, राग नाही, काही नाही. मग मला म्हणाली, ओवीसाठी पिस्ते आजच घेऊन टाकू, नंतर गर्दी होते. पिस्ते घेतले. तिची बॅग आता आपल्या बेडरूममध्ये उघडी पडली आहे, आणि अनिलकाकाला तिनं कळवून टाकलंय की दुसरं कुणीतरी बघा. मी रोज ऑफिसला जाताना त्या बॅगेला ओलांडून जातो आणि माझा जीव तुटतो. मी तिला म्हणून बघितलं, तू थांब, ओवीला मी समजावतो. ती म्हणाली, पोरगी ये म्हणते आणि मी इथे बंदूक खेळत बसू? असं कुठे असतं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. निखिलकडेही नाही.

ते उत्तर फक्त तुझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र. पाकिटात आत बघ, दुसरा कागद आहे ते तुझं तिकीट आहे, गुरुवार तेवीस तारखेचं, मुंबई ते दुबई. व्हिसा चालू ठेवायला तुला जानेवारीच्या आत एकदा इथे यायचंच होतं, ते आता ये. दिवाळी आईबरोबर करायची आहे ना, मग इथे करू. तिचं तिकीट मी अजून रद्द केलेलं नाही, कारण ते माझ्या हातात नाही. मी सांगितलं तर ती नवऱ्याचं ऐकल्यासारखं करेल आणि मनातून अपराधी राहील, नेम चुकेल. तुझ्या तोंडून आलं तर ती सुटेल. आयुष्यात एकदा तरी तिच्या पोटच्या पोरीनं तिला सांगावं की तुझं काम आधी. तेव्हा वाचून झालं की लगेच घरी फोन कर. गुपित फोडलं म्हणून ती मला ओरडेल, ते मी बघून घेईन. तू जेवलीस का, असं ती विचारेल, तिला विचारू दे, आणि मग एवढंच म्हण, “आई, तू येऊ नकोस, मी येतेय. मला तुझी फायनल बघायचीय.”

फोनची वाट बघणारा,
तुझाच,
बाबा